जमादारीण आत्याचा इन्साफ

लहान मूल पडलं की मोठी माणसं जमिनीला चापट मारतात. "हात् रे! आमच्या बाळाला पाडतेस?" मूल हसतं, मोठे आपल्या कामाला लागतात आणि जमिनीचं काही बिघडत नाही. हे नाटक आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त माझ्या आत्याला ते कधी कोणी सांगितलं नव्हतं. सहा वर्षांचा असताना मी तिच्या अंगणातल्या एका दगडाला ठेचकाळलो आणि अंगठ्याचं नख निघालं. आत्यानं आधी अंगठ्याला हळद लावली. मग सब्बल घेतली, भर उन्हात तो दगड उकरून काढला, टोपल्यात घालून डोक्यावर घेतला आणि मला बोटाला धरून नदीवर नेलं. वैशाखातली नदी, पाणी एका डोहापुरतं. त्यात दगड टाकून ती म्हणाली, "पाहून घे. आता हा इथंच सडन." दगड सडत नसतो हे पुढे शाळेत कळलं, पण त्या एका दगडाबद्दल मला अजून खात्री देता येत नाही.

अल्लीपुरात तिला सगळे जमादारीण म्हणत. सासर-माहेरात कोणी कधी जमादार झालेला नव्हता. फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, तर इतके गरीब स्वभावाचे की कुत्रं अंगावर भुंकलं तरी "असन बापा, तुह्यंच खरं असन" म्हणून बाजूनं निघून जात. ते लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. दहा एकर कोरडवाहू, एक टिनाचं घर, एक म्हैस आणि आम्ही भाचरं, एवढाच तिचा इलाका. त्या इलाक्यात लेकराला कोणी दुखवलं की गुन्हा नोंदवणारी तीच, तपास करणारी तीच आणि शिक्षा देणारीही तीच. अपिलाची सोय नव्हती.

शेजारच्यांच्या एका कोंबड्यानं माझ्या पोटरीला टोचलं. आत्यानं शेजारणीशी रीतसर बोलणी करून दोन कोंबड्यांच्या बदल्यात तो एक घेतला, त्याच संध्याकाळी त्याचा रस्सा केला आणि पहिला तुकडा माझ्या ताटात वाढला. "घे. आता तू टोच त्याले." मला पोटरी दुखत असल्यानं भूक नव्हती. पण ती समोर बसून राहिली, मी पूर्ण तुकडा खाईपर्यंत. इन्साफ अर्धवट टाकलेला तिला चालत नसे.

पाचवी-सहावी मी तिच्याकडेच शिकलो. गणिताच्या मास्तरांनी एकदा माझ्या हातावर दोन छड्या मारल्या. माझं गणित पाहता त्या कमीच होत्या, हे मी आज पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकुनी केल्यावर मान्य करतो. आत्यानं ऐकून घेतलं आणि रविवारी मास्तरांना जेवायला बोलावलं. पाट, रांगोळी, उदबत्ती, पुरणाच्या पोळ्या, वाटीभर तूप. मास्तर खूश. दोन पोळ्या झाल्यावर त्यांनी ताटावर हात आडवा धरला. आत्या म्हणाली, "असं कसं मास्तर? लेकराले दोन मारताना हात नाई थांबला, मंग दोन खाताना काऊन थांबून राह्यले? घ्या." तिसरी पडली. मग चौथी. तूप वरून धारेनं. ताटात टाकून उठायची आपल्याकडे रीत नाही आणि वाढणारीला दुखवायचीही नाही. मास्तर आठव्या पोळीला भिंतीला टेकले. पुढचे तीन दिवस आम्हाला गणिताचा तास नव्हता. नंतर मास्तर वर्गात माझ्या बाकाजवळून जाताना पोटावर हात ठेवून जात.

"आत्या, माफ करावं माणसानं," असं माझे वडील तिला... म्हणजे आपल्या बहिणीला, मुलांच्या भाषेत समजावत. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "माफ कराले देव बसला हाय नं वर. त्याचं काम त्याले करू दे. आपल्याच्यानं जे होते ते आपण करावं."

तिच्या हाताखाली वाढूनही मी मात्र असा निघालो. हाताखालच्या माणसाला माझ्या आधी बढती मिळाली, तेव्हा मी त्याला हार घातला. वर भाषण केलं. आत्याला कळलं तेव्हा ती म्हणाली, "तू फुफाजीवर गेला." माझं आणि फुफाजींचं रक्ताचं काही नातं नाही, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

ही सगळी प्रस्तावना त्या उन्हाळ्याची.

माझी मुलगी प्राजक्ता पुण्याला असते. तिची लेक ओवी त्या मे महिन्यात पाच वर्षांची होणार होती. प्राजक्ताच म्हणाली, "बाबा, या वेळी हॉल नको, ते मुखवटे लावून नाचणारे नकोत. आजीच्या शेतात करू वाढदिवस. आंब्याखाली रोडगे लावू, लोळू, झोपू. सुट्टीसारखी सुट्टी." आत्याला प्राजक्ता आजीच म्हणते, आणि तिचं ऐकून ओवीही. आत्या तेव्हा ऐंशीला आलेली. गुडघे गेले होते, दहा वर्षांपासून हातात तेंदूची काठी. तेल पिऊन पिऊन काळी झालेली, मुठीला पितळेचं टोपण. "तुह्या फुफाजीनं दिली नसन एवढी साथ दिली हिनं," असं ती त्या काठीबद्दल सगळ्यांसमोर सांगे.

आम्ही अल्लीपूरला पोचलो आणि पहिल्याच तासाला ओवी ओट्याच्या पायरीवरून पडली. गुडघा खरचटला. आत्या काठी टेकत आली, खाली वाकता येत नव्हतं तरी वाकली आणि त्या पायरीला काठीनं असे तडाखे दिले की सिमेंटचा टवका उडाला. ओवीचं रडणं मध्येच थांबलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा आपल्यासाठी कोणाला तरी खरंखुरं चिडलेलं पाहिलं होतं.

"कोनं पाडलं तुले?"

"हिनं." ओवीनं पायरीकडे बोट केलं.

"मंग घे काठी. तू पण दोन दे."

प्राजक्ता आतून धावत आली. "आजी, नको गं! तिला असं शिकवू नको. पायरीची काय चूक? आपण नीट बघून चालायचं, असं शिकवतो आम्ही."

"म्हंजे लेकरूच पडलं आन् लेकराचीच चूक?"

"चूक असं नाही गं आजी. जबाबदारी."

"पाच वर्षांच्या पोरीची?" आत्या माझ्याकडे वळली. "कारे, तुह्या पोरीनं इकडं येताना इन्साफ पुण्यालेच ठेवला का?"

मी हसलो. दोघींकडे पाहून हसलो. अशा वेळी मी दोन्ही बाजूंना पुरेल एवढं हसतो.

पुढचे चार दिवस मात्र ओवीनं आपली शाळा बदलली. दार बोटाला लागलं, तिनं दाराला लाथ मारली. गरम दुधानं जीभ पोळली, तिनं दूध मोरीत ओतून "आता सड" म्हटलं. मुंगी चावली तेव्हा आजी आणि नात मिळून वारुळापर्यंत तपासाला जाऊन आल्या. प्राजक्ताचे ओठ घट्ट होत चालले होते. चिडली की ती आत्याला 'तू' सोडून 'तुम्ही' म्हणते. पाचव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आजी, आज वाढदिवस आहे. आज तरी तुम्ही कोणाला मारायला लावू नका तिला. नाहीतर आम्ही उद्याच निघतो." आत्यानं मान हलवली. मला ती मान फार मुकाट वाटली.

शेतात आंब्याची तीन झाडं. फांद्यांना फुगे बांधले. उन्हानं ते एकेक करून आपोआप फुटत होते आणि प्रत्येक आवाजाला सगळे टाळ्या वाजवत होते. वर्ध्याहून आणलेला केक डब्यातच एका बाजूला घसरला होता, त्यावरची ओवी या नावातली वेलांटी पार खाली पुठ्ठ्यावर गेली होती. बाजा टाकल्या होत्या. जावई एका बाजेवर वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपले होते. माझी बायको वांगी चिरत होती. गोवऱ्यांचा जगरा फुलला होता आणि त्यात कणकेचे रोडगे पुरले होते. आत्या जगऱ्याशेजारच्या बाजेवर बसून हुकूम सोडत होती, "तो पलटव. तो नाई रे, त्याच्या बाजूचा. कच्चा काढशीन तं तुलेच खाऊ घालीन." मला बोलायची तिची पद्धत माझ्या पंचावन्नाव्या वर्षीही बदललेली नव्हती. राख माझ्या नाकात गेली होती, धोतराऐवजी मी जीन्स घालून गेलो होतो आणि उकिडवं बसता येत नव्हतं. सगळं छान चाललं होतं.

कोणता रोडगा पलटवायचा ते दाखवायला आत्यानं काठी लांब केली. त्याच क्षणी ओवी फुगा घेऊन मागून पळत आली.

ती काठीवरून अडखळून तोंडावर आपटली. जगरा हातभर अंतरावर होता. हनुवटी फुटली, फ्रॉक लाल झाला. प्राजक्तानं तिला उचललं, बायकोनं ओला पदर दाबून धरला, जावई वर्तमानपत्रासकट उठले. जखम फार खोल नव्हती, पण पोर घाबरून किंचाळत होती. आणि किंचाळताना तिची नजर इकडेतिकडे फिरत होती. ती कोणाला तरी शोधत होती. चार दिवसांचं शिक्षण होतं ते. मग तिला सापडलं. तिनं हात लांब करून बोट दाखवलं.

"काठीनं!"

सगळे आत्याकडे वळले. आत्याच्या हातात काठी तशीच होती, पुढे धरलेली.

"आत्या, सोड," मी म्हणालो. "काठी काय करेल बिचारी? पोर धावत आली."

"हो आजी," प्राजक्ताही म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता. तिला आत्याचा चेहरा दिसत होता. "चुकून झालं. ओवीनं बघायला हवं होतं."

तेवढं वाक्य तिनं म्हणायला नको होतं.

"पोरीनं?" आत्या म्हणाली. "पोरीनं काऊन? म्या दगडाले सोडलं का? कोंबड्याले सोडलं? मास्तराले? मंग घरच्या मुजरिमाले सोडू?"

आणि तिनं ती काठी जगऱ्यात टाकली.

मी चिमट्यानं ओढायला गेलो तर माझ्या हातावर चापट बसली. तेल प्यालेलं लाकूड. आधी नुसता धूर, मग टोकाला एक निळी ज्योत आणि मग एकदम भडका. पितळेचं टोपण तापून निखळलं आणि राखेत पडलं. ओवी आईच्या खांद्यावरून पाहत होती. हुंदके देत होती, पण रडणं थांबलं होतं. "आता ती सडेल?" तिनं विचारलं. "जळली, माय," आत्या म्हणाली. "सडाची गोष्टच नाई." मग तिनं मला रोडगे काढायला सांगितलं, कारण ते करपत होते.

रोडगे तुपात कुस्करून सगळे जेवले. मजेत जेवले असं म्हणवत नाही, पण पोटभर जेवले. खरी अडचण परत निघताना आली. गाडी उभी होती ती रस्त्यावर. मध्ये नांगरलेलं काळं रान. आत्याला काठीशिवाय पाऊल टाकता येईना. मी म्हटलं, पाठीवर घेतो. ती म्हणाली, "तुह्या पाठीत तुह्यंच वजन मावत नाई." शेवटी मी, जावई आणि शेजारच्या शेतातले दोन जण, असे चौघांनी बाज उचलली. गाडीपर्यंतच न्यायची होती, पण बाजेवर आडवं होऊन तिला बरं वाटलं असावं, कारण ती म्हणाली, "आता उचललीच हाय तं घरीच न्या. गाव काई दूर नाई." चौघांच्या खांद्यावर बाज, वर जमादारीण आडवी. गावात शिरलो तशी ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. एकानं टोपी काढली. एक म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली, "गेली का गं माय जमादारीण?" बाजेवरून आत्यानं मान वर केली. "हाय अजून. तू आधी जाजो." ओवीला इतकं हसू आलं की हनुवटीची पट्टी सुटली.

दुसऱ्या दिवशी प्राजक्ता गेली नाही. आणखी आठ दिवस राहिली, आणि 'तू' म्हणून राहिली.

मी वर्ध्याहून नवी काठी आणली. आत्यानं उंबऱ्याबाहेरच थांबवली. "त्या जातीची कोणतीच माह्या घरात येनार नाई." चार पायांचं स्टीलचं वॉकर आणलं. "हे काय, त्या काठीचीच बहीण नं?" म्हणून तेही परत. तिच्या कायद्यात हे एक कलम फार कडक होतं: ज्याला शिक्षा केली त्याला पुन्हा पाय ठेवू द्यायचा नाही, आणि त्याच्या गणगोतालाही नाही. प्राजक्तानं पुण्याहून फोनवर हात जोडले. "आजी, ओवी विसरलीसुद्धा. तिची जखम भरली. घे ना काठी." आत्या म्हणाली, "पोरगी विसरली तं चांगलंच हाय. मी नाई विसरली." ती भिंत धरून चालायची. भिंत संपली की दाराची चौकट, मग खाटेची कड, मग म्हशीचा गोठा. मधल्या दोन पावलांत धरायला काही नसे.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात ती त्या मधल्या दोन पावलांत पडली. मांडीचं हाड खुब्यात मोडलं. वर्ध्याला दवाखान्यात आणलं, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते त्यांच्या बाजूला घेण्यावरूनच कळलं होतं.

त्या दिवशी दुपारी प्राजक्तानं व्हिडिओ कॉल केला. मी मोबाईल आत्याच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर ओवी आणि तिच्या मागे प्राजक्ता. प्राजक्ताचे डोळे सुजलेले. काठी असती तर आत्या पडली नसती, हे तिला कळत होतं, मला कळत होतं, बायकोलाही कळत होतं. आणि काठी का नव्हती, तेही. कोणी उच्चारलं नव्हतं एवढंच.

ओवीनं पहिला प्रश्न तोच विचारला. "आजी, तुला कोणी पाडलं?"

प्राजक्तानं तोंड फिरवलं. आत्यानं तिच्याकडे पाहिलं, मग ओवीकडे, मग मोबाईल धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे. औषधानं तिची जीभ जड झाली होती, पण शब्द स्वच्छ आले.

"तुह्या आजोबानं."

"आबांनी?"

"हो. मी चालून राह्यली होती, यानं मागून धक्का देल्ला. इथं आली का दे याले दोन."

ती पडली त्या दिवशी मी अल्लीपुरात नव्हतोच. मी वर्ध्याला ऑफिसात बसून आवक-जावक लिहीत होतो. फोन ठेवल्यावर मी जन्मात पहिल्यांदा आत्यावर चिडलो. "आत्या, काऊन? काऊन खोटं सांगितलंस पोरीला? मी काय केलं तुझं?"

"काई नाई केलं. तू कधी काई करतच नाई." तिनं डोळे मिटून घेतले होते. "कोनाचं तरी नाव सांगा लागत होतं. नाई तं ते दोघी मायलेकी सोताचंच घेऊन बसल्या असत्या. जनमभर."

"मग पायरीचं सांगायचं. म्हशीचं सांगायचं."

"म्हैस लात मारन पोरीले." मग ती म्हणाली, "तू उभा राह्यशीन. मार खाशीन."

आठव्या दिवशी ती गेली.

तेरवीला प्राजक्ता ओवीला घेऊन आली. मांडवात सगळं गाव बसलेलं. ओवी माणसांमधून वाट काढत सरळ माझ्यापर्यंत आली आणि दोन्ही मुठींनी माझ्या गुडघ्यावर मारू लागली. गंमत म्हणून नव्हे. दात आवळून, रडत, मोजून दोन नव्हे, हात थकेपर्यंत. "ओवी!" म्हणत प्राजक्ता उठली. लोक पाहत राहिले. आपल्या आत्याला कसं सांभाळलं असेल यानं, असं काही जणांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. मी प्राजक्ताला हातानंच थांबवलं. मार संपला तशी ओवी तिथेच माझ्या मांडीवर डोकं टेकून झोपली. मला मात्र जेवायला उठताना लंगडावं लागलं.

याला तीन उन्हाळे झाले. ओवी आता आठ वर्षांची आहे. सुट्टीला आली की गाडीतून उतरल्यावर बॅग खाली ठेवते आणि आधी माझा इन्साफ करते. मूठ दर वर्षी जड होत चालली आहे. मग गळ्यात पडते, मग आंबे खायला बसतो. बायको म्हणते, "आता मोठी झाली ती. सांगून टाका खरं काय ते. किती दिवस खाणार मार?"

सांगता येईल. पण ओवी हुशार आहे, आणि ती लगेच विचारेल, की मग आजीला कोणी पाडलं? दारामागे प्राजक्ता ऐकत असेल. तेव्हा या उन्हाळ्यातही गाडी आली की मी खुर्ची पुढे ओढून, बरा असलेला गुडघा वर करून बसणार आहे.